कायद्याचे संशोधन ग्रंथालयाबाहेर केव्हा पडणार?

बागलाण तालुक्यातील नामपूर हे मोसम नदीकाठचे बाजाराचे गाव. हंगामात येथील बाजार समितीच्या आवारात कांद्याने भरलेले ट्रॅक्टर रांगेने उभे राहतात. व्यापारी एका वाहनापाशी जमतात, बोली पुकारली जाते, आणि चार-पाच महिन्यांच्या कष्टाचे मोल काही क्षणांत ठरून मंडळी पुढच्या वाहनाकडे सरकते. वरवर पाहता हा विकणारा आणि घेणारा अशा दोघांमधला व्यवहार आहे. वस्तुतः त्या एका ट्रॅक्टरभोवती कायद्यांची केवढी तरी गर्दी झालेली असते. ज्या आवारात तो उभा आहे ते आवार 1963 च्या महाराष्ट्र कृषि उत्पन्न पणन कायद्याने अस्तित्वात आलेल्या बाजार समितीचे. अडत कोणी द्यावी हे 2016 च्या दुरुस्तीने ठरविलेले. व्यापाऱ्याच्या साठ्यावर 1955 च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याची टांगती तलवार. आणि तो कांदा देशाबाहेर जाईल की नाही, याचा निर्णय 1992 च्या विदेशी व्यापार कायद्याखाली दिल्लीतून निघणाऱ्या एखाद्या अधिसूचनेच्या हाती.

या अधिसूचनांचा अनुभव कांदा उत्पादकांना नवा नाही. ऑगस्ट 2023 मध्ये कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसले. त्याच वर्षीच्या 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद झाली आणि नाशिक जिल्ह्यात ठिकठिकाणी लिलाव थांबले. मे 2024 मध्ये बंदी उठली, पण शुल्क राहिले; सप्टेंबरमध्ये ते 20 टक्क्यांवर आले आणि 1 एप्रिल 2025 रोजी संपुष्टात आले. दोन वर्षांच्या आत इतक्या वेळा कायद्याने आपले मत बदलले. यांपैकी एकाही बदलासाठी संसदेत नवा अधिनियम करावा लागला नाही. जे झाले ते राजपत्राच्या एखाद्या पानावर झाले.

येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो. ज्या कायद्यांनी नामपूरच्या शेतकऱ्याचे वर्ष सुधारते किंवा बुडते, ते कायदे प्रत्यक्षात कसे वागतात याचा अभ्यास आपल्या विद्यापीठांतील कायद्याच्या संशोधनात किती होतो? प्रामाणिक उत्तर द्यावयाचे तर, फारच थोडा. हे थोडेपण केवळ विद्याव्यासंगाचे नुकसान असते तर त्याची एवढी चिंता करण्याचे कारण नव्हते. पण त्याची किंमत गावांना मोजावी लागते, म्हणून या प्रश्नाकडे गांभीर्याने पाहावयास हवे.

पाच प्रकरणांचा प्रबंध

कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधनपद्धती हा विषय असतो आणि अखेरीस विद्यार्थ्याला एक प्रबंध सादर करावा लागतो. या प्रबंधांचा साचा ठरून गेला आहे. पहिल्या प्रकरणात विषयाची ओळख, दुसऱ्यात ऐतिहासिक पार्श्वभूमी, तिसऱ्यात घटनेतील व कायद्यातील तरतुदी, चौथ्यात उच्च व सर्वोच्च न्यायालयांचे निवाडे आणि पाचव्यात समारोप व सूचना. विषय कोणताही असो, सांगाडा तोच. अधिनियमाचे शब्द आणि वरिष्ठ न्यायालयांचे निर्णय यांच्यावरून कायदा काय आहे हे ठरविणारी ही पद्धती सैद्धांतिक संशोधन म्हणून ओळखली जाते.

या पद्धतीला कमी लेखण्याचे कारण नाही. तरतुदीचा नेमका अर्थ लावता येणे, परस्परविरोधी निवाड्यांतून सुसंगत तत्त्व काढता येणे, हे कायद्याच्या अभ्यासकाचे मूळ कसब होय. ते ज्याच्या अंगी नाही, त्याने गावोगाव हिंडून गोळा केलेली माहिती कितीही मोठी असली तरी तिला कायद्याचे संशोधन म्हणता येणार नाही. दोष या पद्धतीत नसून, संशोधन म्हणजे एवढेच, अशी जी समजूत रूढ झाली आहे तिच्यात आहे.

विधिपत्रिकांत छापले जाणारे निवाडे हे वरपर्यंत पोहोचलेल्या तंट्यांचे असतात. ज्याचा धनादेश वटला नाही आणि जो दोन-चार हेलपाटे घालून मुकाट्याने घरी बसला, त्याचा तंटा त्या पानांवर उमटत नाही. तालुक्याच्या न्यायालयात तडजोड झालेला दावा तेथे नसतो, आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून दाखलच न झालेला दावा तर मुळीच नसतो. केवळ छापील निवाड्यांवरून कायद्याची स्थिती ठरविणे म्हणजे मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दाखल झालेल्या रोग्यांवरून साऱ्या महाराष्ट्राचे आरोग्यमान ठरविण्यासारखे आहे. संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हा नमुना सदोष असल्याचे समजेल.

ही जाणीव जगात नवी नाही. अमेरिकन विधिपंडित रॉस्को पाउंड यांनी पुस्तकातला कायदा आणि व्यवहारातला कायदा यांमधील अंतराकडे 1910 मध्येच लक्ष वेधले होते. त्याच सुमारास ऑस्ट्रियन साम्राज्याच्या पूर्व टोकाला, चेर्नोवित्स या आडबाजूच्या विद्यापीठात, ऑयगेन एर्लिश हे रोमन कायद्याचे प्राध्यापक एक निराळाच उद्योग करीत होते. आसपासच्या निरनिराळ्या जमातींतील माणसे लग्न, वारसा आणि शेतजमीन यांचे व्यवहार कोणत्या नियमांनी करतात, याची माहिती जमविण्याकडे त्यांनी आपले विद्यार्थी वळविले. साम्राज्याची संहिता एक सांगत होती आणि माणसे दुसरेच पाळीत होती. या दुसऱ्या गोष्टीला त्यांनी 'जिवंत कायदा' म्हटले. 1913 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने कायद्याच्या समाजशास्त्राचा पाया घातला. राजधानीपासून दूर असणे हे त्यांच्या बाबतीत उणेपण ठरले नाही. उलट तेच त्यांचे भांडवल ठरले.

अडत खरोखर कोण देतो?

नामपूरसारख्या ठिकाणी कोणते संशोधन होऊ शकेल, याची वानगीदाखल तीन उदाहरणे घेता येतील. पहिले अडतीचे. 2016 मध्ये राज्य शासनाने फळे व भाजीपाल्याचा बाजार आवाराबाहेरील व्यापार नियमनातून मुक्त केला आणि अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. त्या वेळी व्यापाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यात दीर्घकाळ लिलाव बंद ठेवले होते. सैद्धांतिक संशोधक ही दुरुस्ती वाचून शेतकऱ्यावरचा बोजा कमी झाला असे लिहील, आणि कायद्याच्या शब्दापुरते ते बरोबरही असेल.

पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी येथे थबकेल. कर कोण भरतो आणि त्याचा भार कोण सोसतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा या शास्त्रातला जुना धडा आहे. खरेदीदाराने अडत द्यावयाची असेल, तर तेवढी रक्कम मनाशी धरूनच तो बोली लावणार नाही कशावरून? खरेदीदार पुष्कळ असतील आणि त्यांच्यात खरी चुरस असेल, तर बोजा बराचसा त्यांच्यावर राहील. ते मोजके असतील आणि शेतकऱ्याला भरलेला ट्रॅक्टर परत नेणे परवडणारे नसेल, तर तोच बोजा कमी भावाच्या रूपाने पुन्हा शेतकऱ्याच्या गळ्यात येईल. कायदा यांपैकी कोठे यशस्वी झाला आणि कोठे फसला, हे अधिनियमाचे कलम शंभर वेळा वाचूनही कळणार नाही. त्यासाठी दुरुस्तीपूर्वीचे व नंतरचे भाव, बोली लावणाऱ्यांची संख्या, कापून घेतलेल्या रकमा आणि पैसे हाती पडण्यास लागलेले दिवस यांचा हिशेब बाजार समितीच्या दप्तरातून आणि शेतकऱ्याच्या हातातील पट्टीवरून मांडावा लागेल. असा हिशेब घेऊन पुढच्या दुरुस्तीचा मसुदा केला, तर तो नेमका होईल. तो नसेल तर एक बाजू शेतकऱ्याच्या नावाने आणि दुसरी व्यापाऱ्याच्या नावाने ओरडत राहील, आणि कायदा त्या गोंगाटात घडेल.

फडाच्या पाण्याचा हक्क

दुसरे उदाहरण पाण्याचे. मोसम, गिरणा, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धतीची सिंचनव्यवस्था काही शतके नांदली. नदीवर बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एका हंगामी एकच पीक आणि पाणी फिरविण्यास पाटकरी. टंचाईच्या वर्षी किती क्षेत्र भिजवायचे हे लाभधारक मिळून ठरवीत. हा सारा कारभार कोणत्याही अधिनियमावाचून, गावाने मान्य केलेल्या नियमांवर चाले. सामूहिक साधनसंपत्ती लोक स्वतःच्या नियमांनी टिकवू शकतात, असे एलिनॉर ऑस्ट्रम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात स्पेन व फिलिपाइन्समधील सिंचनव्यवस्थांचे दाखले देऊन मांडले, आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. त्याच तोलामोलाचा दाखला बागलाणच्या मातीत होता.

पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली. मोसमवर हरणबारीचे धरण उभे राहिले. विहिरी वाढल्या, नगदी पिके आली, आणि फडांचे बळ ओसरले. पाण्याची सूत्रे पाटकऱ्याकडून शासनाकडे गेली. मात्र शासनाचा कायदा किती सिद्ध होता? 1976 चा महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम आला, पण त्याखालील नियम कित्येक दशके तयार झाले नाहीत आणि 1934 च्या जुन्या कालवा नियमांवर कारभार चालत राहिला. ही उणीव कोणी उघडकीस आणावी? ती सातत्याने वेशीवर टांगली प्रदीप पुरंदरे यांनी, आणि ते औरंगाबादच्या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेत अध्यापन केलेले जलतज्ज्ञ आहेत. एखाद्या अधिनियमाखाली नियमच नाहीत, ही बाब कायद्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात दिसावयास हवी होती. ती पाण्याच्या अभ्यासकाला दिसली, कारण तो कालव्याच्या बाजूने कायद्याकडे पाहत होता.

2005 मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला आणि पाणी वापर संस्थांना अधिष्ठान मिळाले. परंपरागत फडाचे हक्क या नव्या चौकटीत कोठे बसतात? जुन्या वहिवाटीचा पुरावा कोणत्या दप्तरात आहे, आणि तो सांगू शकणारी वृद्ध माणसे आज किती उरली आहेत? हा अभ्यास दहा वर्षांनी करू म्हटले तर साक्षीदारच मिळणार नाहीत.

लेकीचा वाटा

तिसरे उदाहरण घरातले. महाराष्ट्राने 1994 मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायादाचा हक्क दिला. 2005 मध्ये तो देशभर लागू झाला, आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात हा हक्क जन्मसिद्ध असल्याचा निर्वाळा दिला. पुस्तकापुरता प्रश्न मिटला. गावात मात्र वडिलांच्या पश्चात वारसनोंद होते, बहिणींची नावे लागतात, आणि थोड्याच दिवसांत हक्कसोड पत्रावर त्यांच्या सह्या होतात. भाऊबीजेला साडी आणि माहेरचे दार उघडे, या मोबदल्यात जमिनीचा वाटा सुटतो.

यात स्वखुशी किती आणि भीड किती? माहेर तुटेल या धास्तीने केलेली सही कायद्याच्या भाषेत स्वेच्छेची ठरते. त्या सहीमागची कहाणी कोणत्याही निवाड्यात येत नाही, कारण भावाला कोर्टात खेचणारी बहीण विरळाच. फेरफार नोंदी मात्र महसूल दप्तरात आहेत. एका मंडलातील वीस वर्षांच्या नोंदी तपासून किती बहिणींनी हक्क सोडला, किती काळाच्या आत सोडला, आणि 2005 नंतर त्यात फरक पडला का, हे एक चिकाटीची विद्यार्थिनी वर्षभरात सांगू शकेल. तिला बहिणींशी बोलता आले तर आकड्यांच्या मागील माणसेही दिसतील. असे काम चोखपणे करण्यास अहिराणी समजणारी, माजघरात सहज प्रवेश मिळणारी, गावातलीच मुलगी हवी.

विसरलेली परंपरा

अशा संशोधनाला परकी टूम म्हणून झटकून टाकता येणार नाही. पेशवाई बुडाल्यानंतर येथील लोक कोणत्या रूढींनी चालतात हे जाणून घेण्यासाठी आर्थर स्टील या अधिकाऱ्याने शास्त्री व जातींचे प्रमुख यांच्याकडे विचारपूस करून दख्खनमधील रूढींचा संग्रह सिद्ध केला. तो 1827 मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी झालेले ते काम होते, आणि त्यात उच्चवर्णीय सांगणाऱ्यांचा वरचष्मा राहिला हेही खरे. तरीही कायदा लोकांना विचारून समजून घ्यावा लागतो, एवढे त्या काळी मान्य होते.

1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्याला सावकारांविरुद्ध उठाव झाला, तो पसरला आणि सरकारने चौकशी आयोग नेमला. कागदोपत्री निर्दोष असलेल्या कर्जरोख्यांनी शेतकरी कसा नागवला जातो हे त्या चौकशीत पुढे आले. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, आणि रोख्यावरील आकडा प्रमाण न मानता व्यवहाराचा मूळपासूनचा इतिहास न्यायाधीशाने तपासावा, अशी तरतूद त्यात आली. कागदामागे पाहा, असे कायद्याने न्यायालयाला सांगितले. आज तेच विद्यापीठांना सांगण्याची वेळ आली आहे.

ग्रंथसंशोधनाची थोर परंपराही महाराष्ट्राचीच आहे. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करीत महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राचा इतिहास सिद्ध केला. त्याचा पहिला खंड 1930 मध्ये निघाला आणि शेवटचा 1962 मध्ये. ग्रंथालयातील संशोधन करावयाचे तर ते या तोडीचे असावे. दहा प्रबंधांवरून अकरावा बेतणे ही काणे यांची परंपरा खासच नव्हे.

अडचणी आणि उपाय

या सूचनेवर आक्षेप येतील, आणि ते अगदीच निराधार नाहीत. कायद्याच्या प्राध्यापकांना क्षेत्रीय पाहणीचे शिक्षण मिळालेले नसते. 2013 पासून पुष्कळ विद्यापीठांत आलेल्या एका वर्षाच्या एलएल.एम. मध्ये परीक्षा वगळता फारसा वेळ उरत नाही. कांद्याचा एक हंगाम पाहावा म्हटले तरी वर्ष सरते. विद्यार्थ्याचे लक्ष न्यायाधीशपदाच्या परीक्षेकडे असते. शिवाय पन्नास लोकांकडून प्रश्नावली भरून घेऊन तिच्यावरून जगाचा निष्कर्ष काढणारे उथळ सर्वेक्षण हा दुसरा रोगही समाजशास्त्रांत थोडा फैलावलेला नाही. एका साच्यातून निघून दुसऱ्यात पडावयाचे असेल तर हा खटाटोप व्यर्थ होय.

म्हणूनच उपाय बेताचे आणि साध्य असावेत. प्रबंधासाठी कायद्याच्या मार्गदर्शकाबरोबर अर्थशास्त्राचा किंवा समाजशास्त्राचा दुसरा मार्गदर्शक असावा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासारख्या जुन्या विद्यापीठांत हे विभाग एकाच आवारात आहेत. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विधि विद्यापीठांनी तालुक्याच्या महाविद्यालयांशी संबंध जोडून तेथील पदवीधरांना संशोधनात सामील करून घ्यावे. बाजार समित्या, पाणी वापर संस्था आणि महसूल दप्तरे यांतील कागद संशोधकाला मिळविण्यास 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने वाट करून दिली आहे. ती वाट कशी चालावी हे संशोधनपद्धतीच्या तासाला शिकवावे.

शेवटचा उपाय भाषेचा. 1998 च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली, पण कायद्याचे पदव्युत्तर संशोधन बहुतांशी इंग्रजीतच राहिले. प्रबंध इंग्रजीत लिहावयाचा तर खुशाल लिहावा. त्याचा मराठी गोषवारा मात्र ज्या गावातून माहिती घेतली त्या गावाला परत मिळाला पाहिजे. ज्यांनी आपली पट्टी, आपला सातबारा आणि आपले दुःख संशोधकापुढे उघडे केले, त्यांचे एवढे देणे लागते. शिवाय चुकीचा निष्कर्ष ग्रंथपालाच्या ध्यानी येणार नाही. ग्रामसभेत वाचला गेला तर तेथील शेतकरी तो तत्काळ दाखवून देईल.

नामपूरहून एखादा मुलगा किंवा मुलगी कायद्याचे पुढचे शिक्षण घेण्यासाठी नाशिकला वा पुण्याला जाते, तेव्हा आपण मागासलेल्या भागातून आलो आणि शहरातल्या मुलांच्या बरोबरीला आपल्याला यायचे आहे, अशी भावना तिच्या मनात असते. इंग्रजी कच्चे, संदर्भग्रंथांची ओळख नाही, हे न्यून तिला रोज टोचते. तिने कांद्याचा लिलाव पाहिला आहे, पाटाच्या पाण्यावरून झालेली भांडणे ऐकली आहेत, आत्याने हक्कसोड पत्रावर सही करताना फिरविलेला चेहरा तिला आठवतो. कायद्याच्या संशोधनाला जी सामग्री हवी ती तिच्याजवळ आहे. ती सामग्री कामास आणण्याची दृष्टी तिला देणे विद्यापीठाचे कर्तव्य होय. ते पार पडले नाही, तर कपाटांत प्रबंधांची रांग वाढत जाईल, आणि बाजाराच्या आवारात ट्रॅक्टरजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्यावर कोणता कायदा चालतो आहे, हे नेहमीप्रमाणे भाव पडल्यावरच कळेल.